भाऊजींची कावीळ

आमचे भाऊजी लिफ्ट दुरुस्त करतात. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी यजमानांकडे नंतर बघतील, आधी त्यांच्या इमारतीच्या लिफ्टकडे. दार उघडायला अंमळ वेळ लागला की यांच्या कपाळाला आठी पडलीच. ताईला बघायला आले होते तेव्हा मी विचारलं होतं, "मुलगी पसंत पडली की आमच्या इमारतीची लिफ्ट?" तर खाली मान घालून म्हणाले, "लिफ्टला जरा काम आहे. मुलीला काही करायला नको." ताई हे वाक्य अजून सगळ्यांना सांगते आणि दर वेळी नव्याने लाजते.

अंगकाठी किरकोळ, पण तळहात मात्र दुसऱ्या कुणाकडून उसने आणल्यासारखे भलेमोठे. नखांतलं ग्रीस घासून जात नाही, म्हणून चार माणसांत गेले की हात मागे बांधून उभे राहतात आणि लोकांना वाटतं, काय रुबाबदार गृहस्थ आहे! मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. एकटी आहे. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी करते आणि उरलेला वेळ ताईच्या स्वयंपाकघरात घालवते. तेव्हा मी सांगते आहे ते ऐकीव नाही.

त्यांच्या धंद्यात माणसं जोडीने काम करतात. जुन्या इमारतींमध्ये लिफ्टचं यंत्र गच्चीवरच्या एका खोलीत असतं. एक जण त्या खोलीत, आणि दुसरा खाली काळोखात, लिफ्टच्या टपावर बॅटरी घेऊन उभा. दोघं एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून त्यांचा नियम असा, की खालचा जे सांगेल ते वरच्याने आधी मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच हात चालवायचा. खालून "वर घे" आलं की वरून "वर घेतो". खालून "थांब", वरून "थांबलो". मला कळलंय, असं मनातल्या मनात म्हणून चालत नाही. ते खालच्याला ऐकू गेलं पाहिजे, कारण खाली त्याचा जीव असतो.

भाऊजी वर आणि त्यांचा जोडीदार खाली, अशी ही जोडी बबडीच्या जन्माआधीपासूनची. बबडी म्हणजे माझी भाची. जोडीदाराला सगळे घुम्या म्हणतात. ते नाव त्याला शोभतंच. कामातले हे चार शब्द सोडले तर त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गंजलेला स्क्रू काढणं. आमच्याकडे आला तर चहा पिऊन, कप धुऊन, पालथा घालून निघून जायचा. ताई म्हणायची, "गेला का ग तो? मला वाटलं अजून यायचाय."

परत म्हणायची ही सवय भाऊजींनी घरीही आणली होती. ताईने "दूध तापत ठेवा" म्हटलं की "दूध तापत ठेवतो". "खिडकी लावा." "खिडकी लावतो." ताईला वैताग यायचा. "अहो, नुसतं करा ना! बोलून कशाला दाखवता?" मी म्हणायचे, "ताई, पिंजरा आणू का ग?" बबडीला मात्र लहानपणी हा खेळ फार आवडायचा. ती मुद्दाम म्हणायची, "बाबा, हत्ती आण." हे गंभीर चेहऱ्याने "हत्ती आणतो" म्हणून चपला शोधायला उठायचे.

हे बोलणं नेमकं कधी बंद पडलं ते कुणालाच सांगता येणार नाही. एकदा ताई म्हणाली, "हल्ली बरे सुधारलेत. सांगितलं की निमूट करतात." मग हळूहळू बाकीचं दिसायला लागलं. सकाळी एक मोजा पायात घालायचे आणि दुसरा हातात धरून पलंगाच्या कडेवर बसून राहायचे. ताट पुढे ठेवलं तर जेवायचे, नाही ठेवलं तर मागायचे नाहीत. रविवारी दाढी नाही, सोमवारी नाही, मंगळवारी ताईने सांगितलं तेव्हा केली आणि अर्ध्या गालाची राहिली.

"काय होतंय तुम्हाला?"

"काही नाही."

"कामावर कुणी काही बोललं का?"

"नाही."

"मग?"

"काही नाही ग."

मला सगळ्यात जास्त राग याचा यायचा, की कारणच सापडत नव्हतं. कुणी गेलेलं नाही, भांडण नाही, दारूचं नाव नाही. कारण असतं तर मी त्याच्याशी जाऊन दोन हात केले असते, तेवढं मला जमतं. ताईच्या दिराने भाऊजींना फोनवर सल्ला दिला, "मनावर घेऊ नकोस, खंबीर हो." खंबीर हो म्हणे! पाय मोडलेल्या माणसाला कुणी असं म्हणत नाही. मी फोन काढून घेतला आणि त्याला चांगलं सुनावलं, पण त्याने भाऊजींचं काय भलं होणार होतं?

मग कामावर ती गोष्ट घडली. एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत ही जोडी काम करत होती. घुम्या लिफ्टच्या टपावर गुडघे टेकून दाराचा खटका बसवत होता. वरून शब्द आला नाही आणि लिफ्ट हलली. नुसतीच हलली, कुणीही काहीही न सांगता. घुम्याने हात ओढून घेतला म्हणून मनगटावरच्या घड्याळाच्या काचेवर निभावलं. टपावरचं बंद करायचं बटण दाबून तो बाहेर पडला आणि जिने चढून वर गेला. भाऊजी यंत्रापाशी उभे होते, हात बटणावर आणि नजर समोरच्या भिंतीवर. आपण लिफ्ट चालवली हेच त्यांना ठाऊक नव्हतं.

घुम्या ओरडला नाही. त्याने मुख्य बटण बंद केलं, भाऊजींचा दंड धरून त्यांना जिन्याने खाली आणलं आणि सरळ वर्कशॉपच्या साहेबांना जाऊन सगळं सांगितलं. वर्कशॉपमधल्या काहींना हे रुचलं नाही. इतक्या वर्षांच्या जोडीदाराची चुगली केली म्हणाले. घुम्याने कुणाला उत्तर दिलं नाही, तो देतही नसतो.

साहेब तसे चांगले. रागावले नाहीत, उलट स्वतः गाडीतून घरी सोडायला आले. "पूर्ण विश्रांती घ्या," म्हणाले. "इकडचा विचारसुद्धा करायचा नाही. आम्ही आहोत ना!" आणि जाताना भाऊजींच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काळजीने काढून घेतला.

आता लोकांना काय सांगायचं? ताईने विचार केला आणि सांगून टाकलं, कावीळ झाली. का, तर काविळीला विश्रांती लागते, भूक नसते, माणूस गळून जातो आणि कुणी नावं ठेवत नाही. ताई तशी हुशार आहे. फक्त काविळीत माणूस पिवळा होतो हे तिच्या लक्षात राहिलं नाही. समोरच्या काकू आल्या त्या थेट भाऊजींच्या डोळ्याखालची कातडी अंगठ्याने ओढून बघायला लागल्या. "कुठे पिवळंय? पांढरेशुभ्र तर आहेत!" ताई म्हणाली, "उतरतेय आता." त्यानंतर कुणाकुणाच्या औषधांच्या पुड्या, काढे आणि बिनतेलाच्या जेवणाचे डबे येत राहिले. भाऊजींनी तेही सगळं निमूट घेतलं. नसलेल्या काविळीवर एवढे उपचार आजवर कुणी सोसले नसतील.

घरातही त्यांना कुणी काही करू देईना. बाजारहाट मी करायला लागले. दूध बबडी तापवायची. विजेचं बिल, गळका नळ, गच्चीवरची टाकी, सगळं ताईने अंगावर घेतलं. ते उठून कपबशी उचलायला गेले तरी तिघी धावायचो. "राहू द्या हो, तुम्ही बसा." बसा, पडा, आराम करा, हेच आमचं बोलणं झालं होतं. आम्हाला वाटत होतं आपण त्यांना फुलासारखं जपतोय. घर कसं अगदी सुरळीत चालू होतं आणि ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून ते चालताना बघत होते.

आणि बबडी एकदम गुणी झाली. आठवीतली मुलगी, वय कसलं, तर दारं आपटायचं आणि आरशासमोर तास काढायचं. ही शाळेतून येऊन दप्तर जागच्या जागी ठेवायची, आवाज न करता चालायची, विचारलं त्याला "हो आई", "चालेल मावशी". ताईला भरून यायचं. "किती समजूतदार झाली ग पोर!"

बबडी माझ्याच शाळेत आहे. तिच्या वर्गशिक्षिका एक दिवस ग्रंथालयात आल्या. पुस्तक घ्यायला आल्यात असं मला वाटलं, पण त्यांनी खुर्ची ओढली आणि दार लोटून घेतलं. "तुमची भाची मधल्या सुट्टीत डबा खात नाही, फाटकाशी एकटी उभी असते," त्या म्हणाल्या. "ऑफिसात जाऊन घरी फोन करू देता का विचारते. रोज पोटात दुखतं म्हणते. काल मी तिच्याजवळ बसले, तर मला विचारते, गणितात कमी मार्क पडल्यामुळे कुणाला आजार होऊ शकतो का?"

मी हातातली पुस्तकं खाली ठेवली.

"त्याच आठवड्यात वडील बोलायचे बंद झाले, असं तिच्या डोक्यात आहे. वडिलांना कावीळ नाही हेही तिला माहीत आहे. घरात तिच्याशी कुणी खरं बोललंय का?"

मी नकारार्थी मान हलवली. बाई मला टोचून बोलल्या नाहीत. आठवड्यातून एकदा शाळेत येणाऱ्या समुपदेशक बाईंशी तिची गाठ घालून देते म्हणाल्या, आणि मधल्या सुट्टीत तिला वर्गाच्या कपाटाचं काम देईन, मैत्रिणीला सोबत घेऊन, म्हणजे ती फाटकाशी एकटी उभी राहणार नाही. "पण घरातलं घरातच बोलावं लागेल," एवढं मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

मी त्या संध्याकाळी ताईशी बोलले. आमचं कडाक्याचं भांडण झालं. "पोरीला काय सांगू? बाप वेडा झालाय म्हणून?" ताई म्हणाली. मी म्हटलं, "वेडा कोण म्हणालं?" ती म्हणाली, "लोक म्हणतील." आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिथेच हरले. माझ्या बहिणीच्या रडण्यापुढे माझं कधी काही चाललेलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी घुम्या आला. बबडी तेव्हा खाली माझ्या घरी अभ्यास करत होती.

ताईने त्याला भाऊजींसमोरच्या खुर्चीत बसवलं आणि आम्ही दोघी आत चहा करायला गेलो. मधलं दार उघडंच होतं. मला वाटलं, आता दोन मुके एकमेकांचं तोंड बघत बसणार. बराच वेळ तसंच चाललं. मग भाऊजी काहीतरी पुटपुटले, आम्हाला कळलं नाही. आणि घुम्याचा आवाज आला, तो कामावरचा, खालच्या काळोखातून गच्चीपर्यंत पोचेल असा खणखणीत.

"झोप लागत नाही."

मी ताईकडे बघितलं. भाऊजी परत काही म्हणाले.

"सकाळ झाली की छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं," घुम्या म्हणाला.

बिचाऱ्याला दुसरं काय येत होतं? समजूत काढणं त्याला जमत नव्हतं, गप्पा येत नव्हत्या. आपण बोललो की जोडीदार ते परत म्हणतो, एवढं एकच आयुष्यभर ऐकलेलं; आज ते त्याने स्वतः केलं. पण गंमत अशी झाली, की भाऊजी थांबले नाहीत. एरवी आम्ही त्यांना तिसऱ्या शब्दाला "असं नाही हो बोलायचं" म्हणून गप्प करायचो. आज एक वाक्य परत आलं की दुसरं निघत होतं.

"त्या दिवशी तुझा हात गेला असता."

"त्या दिवशी माझा हात गेला असता," घुम्या म्हणाला. "गेला नाही."

 चहा उतू गेला तरी आम्ही दोघी जागच्या हललो नाही. भाऊजी अगदी हळू काही बोलले. घुम्याने लगेच परत म्हटलं नाही. आणि मग म्हटलं, त्याच खणखणीत आवाजात, पण सावकाश.

"मी नसलो तर या सगळ्यांचं बरं होईल."

ताईच्या हातातली गाळणी खाली पडली.

"म्हणजे जीव द्यायचं मनात येतं?" घुम्याने विचारलं. तुला ताप येतो का, असं विचारावं तसं विचारलं.

"येतं," भाऊजी म्हणाले. हा शब्द आम्हाला त्यांच्याच तोंडून ऐकू आला.

मी आयुष्यात पुष्कळ घाबरले आहे, पण तशी कधीच नाही. ताई मात्र माझ्याआधी बाहेर गेली. मला वाटलं ती आता रडणार, ओरडणार, शपथा घालणार. ती त्यांच्या खुर्चीशी जमिनीवर बसली, त्यांचे ते भलेमोठे हात धरले आणि म्हणाली, "मला ऐकू आलंय. आपण आत्ता डॉक्टरकडे जायचं." घुम्या उठून उभाच होता. "एकटं सोडायचं नाही," तो मला म्हणाला. रविवार असल्यामुळे ते मोठ्या रुग्णालयात गेले. वाटेत रिक्षात एकीकडून ताई, एकीकडून घुम्या, मधे भाऊजी. मी बबडीपाशी थांबले आणि तिच्याबरोबर पत्ते खेळत सगळे डाव हरले.

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात मीही बरोबर गेले. मनाच्या आजारांच्या डॉक्टर एक बाई होत्या, माझ्याच वयाच्या, बोलायला सरळ. मला त्या पहिल्या भेटीतच आवडल्या, आणि मला लोक सहसा पहिल्या भेटीत आवडत नाहीत. त्यांनी सांगितलं, हा आजार आहे, याला नैराश्य म्हणतात, याला औषध आहे, ते लागू पडायला काही आठवडे जातात आणि तोवर काय काय काळजी घ्यायची. मनात परत तसं आलं तर कुणाला सांगायचं ते त्यांनी भाऊजींकडूनच ठरवून घेतलं. घुम्याने थेट विचारलं हे फार चांगलं केलं, असंही म्हणाल्या. विचारल्याने तसलं काही डोक्यात भरत नाही, उलट माणसाला बोलायला जागा मिळते.

मग त्यांनी ताईला विचारलं, "घरातलं कोणतं काम यांच्याकडे आहे?"

ताई अभिमानाने म्हणाली, "काही नाही! काडीसुद्धा उचलू देत नाही मी. कामावरच्यांनीही बजावून सांगितलंय, इकडचा विचार करू नका."

डॉक्टरीणबाईंनी भाऊजींकडे बघितलं. "तुम्हाला काय वाटतं याचं?"

भाऊजी म्हणाले, "सगळं चालतं. माझ्यावाचून सगळं नीट चालतं. म्हणून वाटलं, की नसलो तरी चालेल."

ताईचा चेहरा मला अजून आठवतो. आम्ही तिघींनी, साहेबांनी, काढे आणणाऱ्या शेजारणींनी, सगळ्यांनी मिळून प्रेमाने त्या माणसाला स्वतःच्याच घरात बिनकामाचा करून ठेवला होता. आजार आमच्यामुळे झाला नाही, हे डॉक्टरांनी ताईला निक्षून सांगितलं. पण आता कामं परत द्या म्हणाल्या. थोडी थोडी, झेपतील तेवढी, आणि दिली की त्यात लुडबुड करायची नाही.

हे शेवटचं ताईसाठी सगळ्यात कठीण निघालं. भाऊजींच्या वाट्याला भाजी चिरायचं काम आलं. ते एकेक शेंग तोलूनमापून, सावकाश, मधेच थांबून चिरायचे. ताई ओट्याशी उभी राहून ओठ चावायची. मी तिला बाहेर ओढून न्यायचे. "अग, जेवायला संध्याकाळ होईल!" ती कुजबुजायची. "होऊ दे," मी म्हणायचे. "नाहीतर तूच घे गोळ्या."

काविळीचा निकालही भाऊजींनीच लावला. समोरच्या काकू परत डोळे तपासायला आल्या तेव्हा ते म्हणाले, "कावीळ नव्हती काकू. मन आजारी होतं. औषध चालू आहे."  काकू खुर्चीत बसल्या आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "आमच्या धाकट्याचंही असंच चाललंय. कोणत्या डॉक्टर म्हणालात?" ताईने पत्ता सांगितला, वेळ सांगितली, आणि तिचे खांदे खाली आल्याचं मी बघितलं.

बबडीलाही त्यांनीच सांगितलं. आधी समुपदेशक बाईंशी बोलून आले, मग तिला समोर बसवलं. "मी आजारी आहे, मनाचा आजार आहे. तुझ्या मार्कांमुळे नाही, तुझ्या कशामुळेच नाही. माझ्यावर पहारा ठेवायचं काम तुझं नाही. त्यासाठी डॉक्टर आहेत, आई आहे, घुम्याकाका आहे आणि मी स्वतः आहे."

"हो बाबा," बबडी म्हणाली. शहाण्यासारखी मान हलवली, उठून पाण्याचा ग्लास जागेवर ठेवला आणि अभ्यासाला बसली.

तिचं पोटात दुखणं कमी झालं. मैत्रिणीबरोबर डबाही खायला लागली. पण ते "हो बाबा" काही सुटेना. भाऊजींची दाढी रोज होऊ लागली, ते दूध तापत ठेवताना परत पुटपुटू लागले, आणि ही मात्र अजून मांजराच्या पावलांनी चालत होती. वर्गशिक्षिकांना विचारलं तर म्हणाल्या, "बाबा बरे होताहेत हे तिने ऐकलंय. अजून तिचा विश्वास बसलेला नाही. घाई करू नका." भाऊजींना ते दिसत होतं. एकदा मला म्हणाले, "मेहुणीबाई, मी बरा होईन हो. पण तिला पटेल का?" मी काही तरी थट्टा करणार होते. केली नाही.

कामावर ते परतले ते आधी अर्धा दिवस, वर्कशॉपमध्ये दारांचे खटके साफ करायला. गच्चीवरच्या खोलीत एवढ्यात नाही, हे डॉक्टरांनी आणि साहेबांनी मिळून ठरवलं आणि भाऊजींनी मान्य केलं. साहेबांनी आणखी एक पद्धत घातली. निघण्याआधी प्रत्येक जोडीने एकमेकांना विचारायचं, आज डोकं ठिकाणावर आहे का? नसेल तर त्या दिवशी जमिनीवरचं काम, आणि कुणी हसायचं नाही. पहिल्यांदा "नाही" कोण म्हणालं, तर वर्कशॉपमधला सगळ्यात दांडगा, दोन माणसांचं वजन एकटा उचलणारा वेल्डर. घुम्याच्या चुगलीबद्दल मग कुणी चकार शब्द काढला नाही. आणि भाऊजींना पुन्हा वर पाठवायची वेळ आली तेव्हा खाली कोण उभं राहणार हे साहेबांना विचारावंच लागलं नाही. घुम्या आधीच जाऊन टपावर उभा होता.

आता परवाची गोष्ट. भाऊजी लवकर घरी आले होते आणि त्यांना काम करायची खुमखुमी आली होती. बबडीच्या खोलीतल्या कपाटाचं दार करकरायचं. यांनी ते उतरवलं, बिजागऱ्या बदलल्या, कडा घासल्या, आणि घासताना दारावर तिने वर्षानुवर्षं चिकटवलेली चित्रं, मैत्रिणींनी लिहिलेल्या चिठ्ठ्या, सगळं सोलून काढून कचऱ्यात टाकलं. दार असं गुळगुळीत झालं की आवाज म्हणून नाही. मोठ्या खुशीत तिची वाट बघत बसले.

बबडी आली, खोलीत गेली. आम्ही स्वयंपाकघरात होतो.

"हे कोणी केलं?"

"मी!" भाऊजी म्हणाले. "आता बघ, करकरत नाही."

ती बाहेर आली. चेहरा लाल. "तुला कोणी सांगितलं होतं? माझं कपाट आहे ते! मला विचारलंस का? तुला काही म्हणजे काही कळत नाही, बाबा!" आणि आत जाऊन तिने खोलीचं दार असं आपटलं, की भिंतीवरचं कॅलेंडर खाली आलं.

 ताईने माझा हात घट्ट धरला. आम्ही दोघी भाऊजींकडे बघत होतो. ते दारासमोर उभे होते, पडलेल्या चेहऱ्याने.

तेवढ्यात दार बोटभर उघडलं. फटीतून बबडीचा एक डोळा दिसला. राग नव्हता त्यात, भीती होती. आपण हे काय करून बसलो, आता बाबाचं काय होणार, अशी. ती बघत होती, तो अजून तिथे उभा आहे का.

भाऊजींच्या ते लक्षात आलं, आणि इतक्या दिवसांनी पोरीने दार आपटलं हेही. मला इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा असा उजळलेला दिसला नव्हता.

"मी इथेच आहे," ते म्हणाले. "मला काही होत नाही. चूक माझी आहे. तू भांडून घे."

दार पूर्ण उघडलं. बबडी बाहेर आली आणि भांडली. आधी चित्रांवरून, मग चिठ्ठ्यांवरून, आणि मग कुठलं कपाट नि कुठलं काय! "तू माझ्याशी बोलत नव्हतास! मी घरी आले की आधी खुर्चीत बघायचे, तू आहेस का! मला कुणी काही सांगत नव्हतं! मला रोज भीती वाटायची आणि तू नुसता बसून राहायचास!" ती रडत होती आणि ओरडत होती, आणि समोरच्या काकूंचं दार उघडल्याचा आवाज आम्हाला ऐकू आला. ताई पुढे व्हायला निघाली, मी तिला मागे ओढलं.

"अजून?" भाऊजींनी विचारलं. त्यांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अजून खूप आहे!" बबडी म्हणाली.

त्यांनी पायाने स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसले. तिने नाक पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.